ड्रायव्हर अपडेट केला आणि अँटिव्हायरस ओरडला: आता काय करायचं?

ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं यासाठीचा छोटा प्रोग्रॅम) टाकला, संगणक रीस्टार्ट झाला आणि उजव्या कोपऱ्यात पट्टी आली: ‘थ्रेट्स फाउंड’. अशा वेळी काही जण घाबरून दिसेल ते बटण दाबतात. काही जण ‘अरे, फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा आहे’ म्हणत ‘अलाऊ’ करून मोकळे होतात, कारण कुठल्या तरी व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, कारण त्यात आपण शहाणपणाने वागलो असं वाटत राहतं.

हा लेख विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्या, पण संगणकाच्या पोटात फारसं न डोकावलेल्या माणसासाठी आहे. मेनू आणि बटणांची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तीच, फक्त देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरची आहेत. तुमच्याकडे पुण्याच्या क्विक हीलसारखा दुसरा अँटिव्हायरस असेल तर बटणं वेगळ्या जागी सापडतील, पण क्रम हाच ठेवा.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. इशारा खोटा किंवा खरा, एवढ्या दोनच शक्यता नसतात. फाइल अस्सल कंपनीची असते, कुणी तिच्यात काही घुसवलेलं नसतं, आणि तरीही ती संगणकावर असणं धोक्याचं असतं, अशी तिसरी शक्यता ड्रायव्हरच्या बाबतीत वारंवार भेटते. बहुतेक लोक तिलाच ‘खोटा इशारा’ समजून सोडून देतात.

ड्रायव्हरवरच संशय का येतो

बरेच ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथून मेमरीत कुठेही हात घालता येतो, कीबोर्डवरची प्रत्येक कळ वाचता येते, चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम बंद पाडता येतो. त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये अँटिव्हायरसही आला. व्हायरस लिहिणाऱ्याला नेमकी हीच ताकद हवी असते. त्यामुळे वागणं बघून निर्णय घेणाऱ्या अँटिव्हायरसला चांगला ड्रायव्हर आणि वाईट ड्रायव्हर दुरून सारखेच दिसतात.

त्यात नवेपणाची भर पडते. आज सकाळी प्रसिद्ध झालेली फाइल जगात फार थोड्या संगणकांवर पोचलेली असते. सोसायटीच्या गेटवर रोजच्या दूधवाल्याला कुणी विचारत नाही, नवा चेहरा दिसला की वॉचमन वही पुढे करतो. क्लाउडमधून फाइलची ‘पत’ तपासणारे अँटिव्हायरस तसंच करतात. शिवाय ड्रायव्हरचं पॅकेज स्वतःच उलगडतं, टेम्प फोल्डरमध्ये शेकडो फाइली टाकतं, सर्व्हिस नोंदवतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत लिहितं. यातली प्रत्येक कृती मालवेअर, म्हणजे व्हायरससारखा घातक प्रोग्रॅमही करतो.

आणि एक शक्यता नवख्याला सुचतच नाही. ड्रायव्हर जुनाच असतो आणि बदललेली असते ती अँटिव्हायरसकडची धोक्यांची यादी. ही यादी दिवसातून अनेकदा अपडेट होते. तुम्ही ड्रायव्हर टाकलात आणि तासाभरात इशारा आला, तरी त्या दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

पायरी १: हात थांबवा

‘अलाऊ’ दाबू नका. अँटिव्हायरस बंद करू नका. आणि घाईने ‘रिमूव्ह’ही दाबू नका. इशारा येतो तेव्हा बहुतेक वेळा फाइल आधीच क्वारंटाइनमध्ये गेलेली असते. म्हणजे ती कुलूपबंद आहे, चालू शकत नाही, पण पुसलेलीही नाही. लागली तर परत आणता येते. त्यामुळे तुमच्याकडे वेळ आहे. फक्त निकाल लागेपर्यंत या संगणकावरून बँकेचं काम, ओटीपी टाकणं, जीएसटी पोर्टलवर लॉगिन करणं टाळा.

पायरी २: ओरडतंय कोण, ते बघा

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण इथेच निम्मी प्रकरणं निकालात निघतात.

स्क्रीनवर आलेली पट्टी खरंच अँटिव्हायरसची आहे का? ब्राउझरमध्ये कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते, आणि मग ती साइट ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा पट्ट्या पाठवत राहते. पट्टीवर क्रोम किंवा एजचं नाव आणि खाली वेबसाइटचा पत्ता दिसला, तर तो व्हायरसचा इशारा नव्हे, जाहिरात आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढा. इशाऱ्यात फोन नंबर असेल तर तो शंभर टक्के बनावट. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. ड्रायव्हर शोधताना भलत्याच साइटवर गेलेल्यांना या पट्ट्या हमखास भेटतात, म्हणून ‘ड्रायव्हर टाकला आणि व्हायरस आला’ असं वाटतं.

विंडोजचेही असे दोन संदेश आहेत, जे व्हायरसचे नसतात. ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ हा निळा पडदा स्मार्टस्क्रीनचा असतो. फाइल अनोळखी आहे, एवढंच तो सांगतो. ‘अ ड्रायव्हर कॅनॉट लोड ऑन धिस डिव्हाइस’ हा संदेश कोअर आयसोलेशनमधल्या मेमरी इंटेग्रिटीचा, म्हणजे कर्नलचं रक्षण करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. त्याचा अर्थ ड्रायव्हर तिच्या नियमांत बसत नाही, म्हणून चालू दिला नाही. अशा वेळी मेमरी इंटेग्रिटी बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. त्याऐवजी त्या उपकरणाचा नवा ड्रायव्हर आहे का, ते शोधा.

खरा इशारा असेल तर तो अँटिव्हायरसच्या आत नोंदलेला असतोच. डिफेंडरसाठी स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘प्रोटेक्शन हिस्टरी’. दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर सहसा आपोआप बाजूला होतो, मग त्या प्रोग्रॅमच्या रिपोर्टमध्ये बघा. तिथे काहीच नोंद नसेल तर आधी त्या पट्टीवरच संशय घ्या.

पायरी ३: चार गोष्टी टिपून घ्या

धोक्याचं पूर्ण नाव, फाइलचा पूर्ण पत्ता, वेळ आणि अँटिव्हायरसने काय केलं. प्रोटेक्शन हिस्टरीतल्या नोंदीवर क्लिक केलं की ‘अफेक्टेड आयटम्स’खाली पत्ता दिसतो. विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्या, कारण काही काळाने या नोंदी आपोआप जातात. पुढे कुणाची मदत घ्यायची झाली तर ‘व्हायरस दाखवतंय हो’ या वाक्यावरून कुणालाच काही करता येत नाही.

पायरी ४: नाव वाचायला शिका

मायक्रोसॉफ्टची नावं ठरावीक साच्यात असतात: आधी प्रकार, मग कुठल्या प्रणालीवर चालतो ते, मग घराणं, मग उपप्रकार आणि कधी कधी शेवटी उद्गारचिन्ह लावून शेपूट. ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’ हे नाव खूप जणांनी पाहिलं असेल. शेवटचं ‘एमएल’ म्हणजे मशीन लर्निंग. हा विशिष्ट व्हायरस ओळखला असं तिथे म्हणायचं नसतं. फाइल त्या घराण्यातल्यासारखी दिसते असा अंदाज असतो. खोट्या इशाऱ्यांमध्ये अशी शेपटीवाली नावं बरीच सापडतात, पण खऱ्या ट्रोजनलाही (साळसूद दिसून आत शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमलाही) हेच नाव लागतं. म्हणून नावावरून सुटका करू नका, पुढचा तपास मात्र अधिक खुल्या मनाने करा.

सुरुवातीला ‘पीयूए’ असेल तर तो नकोसा प्रोग्रॅम: जाहिराती दाखवणारा, सोबत आणखी चार गोष्टी गुपचूप बसवणारा. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या अनेक फुकट प्रोग्रॅमना ही नावं लागतात, आणि माझ्या मते बरोबर लागतात. ‘हॅकटूल’ म्हणजे स्वतः व्हायरस नाही, पण हल्लेखोरांच्या कामाचं हत्यार. आणि ‘व्हल्नरेबलड्रायव्हर’ने नाव सुरू होत असेल तर ती मघाची तिसरी शक्यता. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पायरी ५: फाइल कुठे आहे आणि ड्रायव्हर आला कुठून

पत्ता सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स असा असेल, किंवा सिस्टम३२मधल्या ड्रायव्हरस्टोअरचा असेल, तर ती ड्रायव्हरची नेहमीची जागा आहे. तेवढ्यावर ती फाइल निर्दोष ठरत नाही, पण चित्र जुळतं. टेम्प फोल्डरमधली फाइल इशाऱ्याच्या वेळेला इन्स्टॉलर चालू असेल तर समजण्यासारखी आहे. इन्स्टॉलर चालूच नव्हता आणि तरी अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमध्ये ‘.सिस’ या शेपटाची, म्हणजे ड्रायव्हरची फाइल सापडली, तर ते वाईट लक्षण समजा.

आता स्वतःला विचारा: हा ड्रायव्हर मी कुठून घेतला? विंडोज अपडेटमधून आला असेल तर अपडेट हिस्टरीत ‘ड्रायव्हर अपडेट्स’खाली त्याची तारखेसह नोंद असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल किंवा सर्व्हिस टॅग टाकून घेतला असेल, किंवा एनव्हिडिया, एएमडी, इंटेल यांच्या साइटवरून घेतला असेल, तरी ठीक. पण गुगलमध्ये प्रिंटरचं नाव आणि ‘ड्रायव्हर डाउनलोड’ टाइप करून सर्वांत वरच्या दुव्यावर क्लिक केलं असेल, तर तो दुवा जाहिरातीचा असण्याची शक्यता बरीच. ब्राउझरच्या डाउनलोड यादीत फाइल कुठल्या पत्त्यावरून आली ते दिसतं, ते बघा. आणि दुकानातून असेंबल्ड संगणक घेताना तंत्रज्ञाने पेनड्राइव्हमधल्या ‘ड्रायव्हर पॅक’मधून सगळं एकदम टाकून दिलं असेल, तर त्या पेनड्राइव्हचा इतिहास त्यालाही माहीत नसतो.

उगम संशयास्पद असेल तर पुढचा तपास करत बसू नका. इशारा खरा धरा, फाइल क्वारंटाइनमधून काढून टाका, इन्स्टॉलरही पुसा आणि ड्रायव्हर मूळ कंपनीकडून नव्याने घ्या. फाइल कदाचित निर्दोष असेलही. पण तीच वस्तू खात्रीच्या जागी फुकट मिळत असताना ते सिद्ध करण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

पायरी ६: सही तपासा, पण सहीवर भाळू नका

फाइल कुणाची आहे आणि सही झाल्यावर तिच्यात बदल झालेला नाही, हे डिजिटल सही सांगते. डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलरवर उजवं क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. यादीतल्या नावावर क्लिक करून ‘डिटेल्स’ दाबा. ‘धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके’ असं दिसायला हवं आणि सही करणाऱ्याचं नाव त्या कंपनीशी जुळायला हवं. ‘.सिस’ फाइलींवर बहुधा ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज हार्डवेअर कॉम्पॅटिबिलिटी पब्लिशर’ असं नाव दिसतं. विंडोज १०च्या २०१६मधल्या १६०७ आवृत्तीपासून, काही जुने अपवाद सोडले तर, नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते, त्यामुळे हे नाव दिसणं अपेक्षित आहे. इन्स्टॉलरला हा टॅबच नसेल किंवा सही अवैध दाखवत असेल, तर तो ड्रायव्हर बाजूला ठेवा.

सही असली म्हणजे झालं का? नाही, आणि याचे दाखले मोठे आहेत. २०१०मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या अस्सल हार्डवेअर कंपन्यांच्या, चोरलेल्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या. २०१९मध्ये कॅस्परस्कीने उघड केलं की असूसच्या लाइव्ह अपडेट यंत्रणेतूनच, कंपनीच्या खऱ्या सहीसह, घुसखोरी केलेली फाइल लोकांपर्यंत गेली होती. त्या प्रकरणाला शॅडोहॅमर म्हणतात. २०२१मध्ये जी डेटा या जर्मन अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकाला नेटफिल्टर नावाचा ड्रायव्हर सापडला. तो रूटकिट, म्हणजे गाभ्यात लपून बसणारा मालवेअर होता आणि त्यावर चक्क मायक्रोसॉफ्टची सही होती. जी डेटाच्या प्रणालीने इशारा दिला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची सही बघून त्यांनाही आधी तो खोटाच वाटला होता.

तर सही नसणं हा फाइलविरुद्धचा भक्कम पुरावा. सही असणं हा तिच्या बाजूचा बरा पुरावा. त्यापलीकडे त्यातून काही काढू नका.

पायरी ७: व्हायरसटोटलवर दुसरं मत घ्या

व्हायरसटोटल ही गुगलच्या मालकीची फुकट सेवा आहे. फाइल दिली की सुमारे ७० अँटिव्हायरस इंजिनांचं मत एकाच पानावर मिळतं. क्वारंटाइनमधली फाइल त्यासाठी बाहेर काढू नका. डाउनलोड केलेला मूळ इन्स्टॉलर द्या. मर्यादा ६५० एमबीची आहे आणि ग्राफिक्स कार्डाचं पॅकेज अनेकदा तिच्या बाहेर जातं. तसं असेल तर सही आणि उगम यांवरच भिस्त ठेवा. एक सावधगिरी: इथे दिलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांनाही उपलब्ध होते. ड्रायव्हर द्या, आधारची पीडीएफ किंवा पगाराची एक्सेल शीट देऊ नका.

निकाल कसा वाचायचा? आकडा बघून नव्हे. ७०पैकी २ जणांनी धोका म्हटलं आणि दोन्ही फारशी न ऐकलेली इंजिनं, नावंही ‘जेनेरिक’ किंवा ‘सस्पिशस’सारखी मोघम, तर कल खोट्या इशाऱ्याकडे. एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा मोठ्या कंपन्या एकाच घराण्याचं नाव घेत असतील तर कल खऱ्याकडे. काही इंजिनं आतून दुसऱ्याचंच तंत्र वापरतात, त्यामुळे तंतोतंत एकच नाव चार ठिकाणी दिसलं तर ते चार स्वतंत्र साक्षीदार नसू शकतात. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये फाइल पहिल्यांदा कधी दिसली ती तारीखही असते. दोन वर्षांपूर्वीचा म्हणवणारा ड्रायव्हर तिथे कालच पहिल्यांदा आला असेल, तर कुठेतरी काहीतरी बिनसलंय.

शून्य आलं तरी ती हमी नव्हे. अगदी ताज्या मालवेअरला पहिल्या तासांत शून्य येऊ शकतं.

पायरी ८: यादी अपडेट करून पुन्हा तपासा

‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, मग पुन्हा स्कॅन करा. चूक मोठ्या प्रमाणावर झाली असेल तर अँटिव्हायरस कंपनी ती लवकर सुधारते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी, डिफेंडर क्रोम उघडलं की ‘बिहेव्हिअर:विन३२/हाइव्ह.झेडवाय’ असा इशारा देऊ लागला होता. त्याच दिवशी नवी यादी आली आणि प्रकार थांबला. त्या दिवशी ज्यांनी क्रोम उडवलं किंवा डिफेंडर बंद केला, त्यांनी दोन्ही उगाच केलं.

कंपन्यांच्या चुका याहून वाईटही झाल्या आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक रीस्टार्टच्या चक्रात अडकले. त्यामुळे ‘अँटिव्हायरस चुकू शकतो’ हे म्हणणं मुळात बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या बाबतीत आज तो चुकलाय का.

तिसरी शक्यता: फाइल अस्सल, पण कच्ची

इथे थोडं थांबू, कारण ड्रायव्हरच्या इशाऱ्यांमधला खरा गुंता हाच आहे.

मार्च २०२५मध्ये जगभरच्या लोकांच्या संगणकांवर डिफेंडरने अचानक ‘हॅकटूल:विन३२/विनरिंग०’ असा इशारा द्यायला सुरुवात केली. पंख्याचा वेग ठरवणारं फॅन कंट्रोल, तापमान दाखवणारं लिब्रे हार्डवेअर मॉनिटर, रंगीत दिवे सांभाळणारं ओपनआरजीबी, शिवाय रेझर आणि स्टीलसिरीजचे प्रोग्रॅम, असे बरेच त्यात सापडले. सगळ्यांमध्ये समान धागा एकच: विनरिंग० नावाचा छोटा ड्रायव्हर. साध्या प्रोग्रॅमला प्रोसेसरच्या आतल्या नोंदी आणि हार्डवेअरचे पोर्ट थेट वाचू-लिहू देणं, हे त्याचं काम. पंख्याचा वेग बदलायला ते लागतंच. अडचण अशी की तो ही सोय मागेल त्याला देतो. संगणकावरचा कुठलाही प्रोग्रॅम त्याच्यामार्फत कर्नलपर्यंत पोचू शकतो. ही त्रुटी सुरक्षेतल्या त्रुटींच्या सीव्हीई या जाहीर यादीत २०२०पासून सीव्हीई-२०२०-१४९७९ या क्रमांकाने नोंदलेली आहे.

मग एवढ्या प्रोग्रॅमनी तो वापरला का? कारण त्यावर आधीच वैध सही होती. स्वतःचा कर्नल ड्रायव्हर लिहून, महागडं प्रमाणपत्र घेऊन, मायक्रोसॉफ्टकडून सही करून आणणं हे फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला परवडत नाही. त्यांची तक्रार मला समजते. पण तुमच्या संगणकाच्या दृष्टीने त्या इशाऱ्याला खोटा म्हणता येत नाही.

अशा कच्च्या ड्रायव्हरचा वापर करणारे हल्ले कल्पनेतले नाहीत. गिगाबाइटच्या मदरबोर्डसोबत येणाऱ्या जुन्या ‘जीडीआरव्ही’ ड्रायव्हरचा वापर रॉबिनहूड या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने) अँटिव्हायरस बंद पाडायला केला, हे २०२०मध्ये पुढे आलं. गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचा फसवेगिरी रोखणारा ‘एमएचवायप्रॉट२’ ड्रायव्हर २०२२मध्ये याच कामाला लावला गेला. या हल्ल्यासाठी तो खेळ तुमच्याकडे असण्याचीही गरज नव्हती. हल्लेखोर ड्रायव्हर सोबत घेऊन येतात. डेलच्या ‘डीबीयूटिल’ ड्रायव्हरमधल्या त्रुटी २०२१मध्ये जाहीर झाल्या आणि कंपनीने तो काढून टाकायचं साधन दिलं. म्हणूनच विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून अशा ड्रायव्हरांची प्रतिबंधित यादी मुळातच चालू असते.

तुमच्या इशाऱ्यात असा ड्रायव्हर निघाला तर हे करा. तो कुठल्या प्रोग्रॅमचा आहे ते पत्त्यावरून ओळखा, त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बघा. बऱ्याच जणांनी विनरिंग० सोडून दुसरी वाट धरली आहे. नवी आवृत्ती नसेल तर प्रोग्रॅम काढा. पंख्याचा वेग बायोसमधूनही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधूनही ठरवता येतो. दिव्यांचे रंग बदलता आले नाहीत तर काही बिघडत नाही. ‘अलाऊ’ मात्र नको.

आणि तुमच्याकडे पंख्याचा, दिव्यांचा, तापमानाचा कुठलाच प्रोग्रॅम नसताना विनरिंग० सापडला तर? मग कान टवकारा. एक्सएमरिग हा क्रिप्टो मायनिंगचा (संगणकाची ताकद खर्चून आभासी चलन मिळवण्याचा) प्रोग्रॅमही हाच ड्रायव्हर वापरतो आणि चोरून बसवलेल्या मायनरमध्ये एक्सएमरिग नेहमीचा. संगणक रिकामा असताना पंखा घोंघावतोय आणि प्रोसेसर तापतोय, असं होत असेल तर खाली दिलेल्या ‘इशारा खरा ठरला तर’ या भागाकडे वळा.

इशारा खोटा ठरला तर

उगम पक्का, सही ठीक, व्हायरसटोटलवर एखाद-दुसरंच मोघम नाव, आणि नावात ‘व्हल्नरेबल’ किंवा ‘हॅकटूल’ नाही: हे सगळं जुळलं की खोटा म्हणायला हरकत नाही. तरी पहिलं काम ‘अलाऊ’चं नव्हे, कळवण्याचं. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स संकेतस्थळावर फाइल सबमिशनचं पान आहे. तिथे ‘होम कस्टमर’ निवडून फाइल चुकीने धोकादायक ठरवली गेली, असा पर्याय द्या. क्विक हील, कॅस्परस्की, इसेट यांच्याकडेही अशी सोय असते. ड्रायव्हर चालला नाही तरी काम अडत नसेल, तर उत्तर किंवा नवी यादी येईपर्यंत थांबा.

अडत असेल तर प्रोटेक्शन हिस्टरीतून ‘रिस्टोअर’ करा. इथे एक बारकावा आहे. डिफेंडरमध्ये ‘अलाऊ ऑन डिव्हाइस’ दाबलं की सूट त्या एका फाइलला मिळत नाही, त्या नावाच्या धोक्याला मिळते. वाकाटॅकला परवानगी दिलीत तर उद्या दुसरी, खरोखर वाईट फाइल त्याच नावाखाली आली तरी डिफेंडर गप्प बसेल. त्यापेक्षा ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’मध्ये जाऊन ती एकच फाइल निवडा. अख्खा फोल्डर, आणि त्यातही डाउनलोड्स किंवा टेम्प, कधीही वगळू नका. आधी कधी काय काय अलाऊ केलंय ते ‘अलाउड थ्रेट्स’मध्ये दिसतं, तिथली जुनी धूळ या निमित्ताने झाडून टाका.

ऑफिसच्या संगणकावर यातलं काहीही स्वतः करू नका. सेटिंग ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं सांगत असेल तर स्क्रीनशॉट आयटीवाल्यांना पाठवा.

डीएससी टोकन आणि अंगठ्याचं यंत्र वापरणाऱ्यांसाठी

सीएंची ऑफिसं, सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रं, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर: या मंडळींना ग्राफिक्स कार्डापेक्षा डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा आणि आधारच्या बायोमेट्रिक यंत्राच्या आरडी सर्व्हिसचा ड्रायव्हर छळतो. बसवण्याच्या सूचनांमध्ये कधी कधी ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असंही लिहिलेलं असतं. हा सल्ला पाळू नका. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि तुमच्या क्लायंटच्या सह्या आहेत, तिथे पाच मिनिटांची उघडी खिडकीही जास्त होते, आणि ती नंतर बंद करायला कुणाला आठवत नाही. ड्रायव्हर व्हॉट्सॲपवर आलेल्या झिप फाइलमधून नव्हे, यंत्राच्या किंवा टोकनच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. तरी अडला तर विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून सही असलेली ताजी आवृत्ती मागा.

इशारा खरा ठरला तर

वायफाय बंद करा किंवा केबल काढा. ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. कर्नलमध्ये लपलेल्या गोष्टीला विंडोज चालू असताना पकडणं अवघड, म्हणून हाच स्कॅन हवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून. ईमेलचा सर्वांत आधी. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच फोन करा. ड्रायव्हरसारख्या खोल जागी मालवेअर चालून गेलं असेल, तर मी तरी डेटा बाजूला काढून विंडोज कोरं टाकण्याच्या मताचा आहे.

आणि उपकरणच बंद पडलं तर

अँटिव्हायरसने ड्रायव्हरची एखादी फाइल उचलली की आवाज जातो, वायफाय जातं, कधी स्क्रीन ढोबळ दिसू लागते. स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्या उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकं असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करा, विंडोज बहुतेक वेळा स्वतःजवळचा साधा ड्रायव्हर लावतं. वायफायच गेलं असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्या नेटवरून कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा घ्या, किंवा विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये बघा.

यापैकी काहीच जमलं नाही तर सिस्टम रिस्टोअर. पण त्यासाठी रिस्टोअर पॉइंट आधी केलेला असावा लागतो, आणि बऱ्याच संगणकांवर ही सोय बंद असते. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये ‘टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन’ करा आणि ‘क्रिएट’ दाबा. पुढचा ड्रायव्हर त्यानंतर टाका.